पानशेतचं लग्न, न्यू जर्सीचा टीव्ही

लग्न पानशेतला, नवरीची आत्या न्यू जर्सीत आणि थोरला चुलतभाऊ दुबईत. शूटिंगवाल्याने महिनाभराने पेनड्राइव्ह आणून दिला. त्यात हळद, गोंधळ, लग्न, वरात असं सगळं मिळून तीन तासांचं काम, साडेतेरा जीबी. आत्याचा दिवसाआड फोन, "अरे, पाठवतोस ना?" व्हॉट्सॲपवर टाकायला गेलं तर फाइल मोठी आहे म्हणून नकार. ई-मेलला जोडायला गेलं तर जीमेल २५ एमबीच्या पुढे जोडू देत नाही. मग मित्रांपैकी कुणीतरी सांगतं की अमुक एक साइट आहे, एकदम फुकट. ती उघडली की निम्मं पान 'डाउनलोड' लिहिलेल्या हिरव्या बटणांनी भरलेलं.

असली साइट शोधण्याआधी आत्याला एक प्रश्न विचारून घ्या. तिला हा व्हिडिओ बघायचा आहे, की ठेवायचा आहे?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि एकाच फाइलमध्ये दोन्ही साधायला गेलं की माणूस अडकतो. बघायचा असेल तर रविवारी दुपारी घरच्यांना टीव्हीसमोर बसवून लावता आला म्हणजे झालं. त्यासाठी साडेतेरा जीबी लागत नाहीत, दोन जीबीतही भागतं. ठेवायचा असेल, म्हणजे वीस वर्षांनी नवरीच्या मुलांनी पाहावा म्हणून जपायचा असेल, तर मात्र मूळ फाइल जशीच्या तशी पोचायला हवी, मग तिला चार दिवस का लागेनात. बघायची प्रत हलकी करून आजच पाठवावी आणि ठेवायची प्रत सावकाश, मूळ स्वरूपात जाऊ द्यावी. पुढे जे काही सांगतो आहे ते या फरकावर उभं आहे.

हा गोंधळ आजचा नाही. व्हीएचएस कॅसेटच्या काळात अमेरिकेला जाणाऱ्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी लग्नाची कॅसेट जायची. तिकडे पोचल्यावर कळायचं, की भारतातली कॅसेट 'पाल' पद्धतीची आणि अमेरिकेतला व्हीसीआर 'एनटीएससी' पद्धतीचा. चित्र लागायचंच नाही. मग पैसे मोजून कॅसेट बदलून घ्यावी लागे. वस्तू पोचली तरी ती तिकडच्या यंत्रावर लागेल का, हा प्रश्न तेव्हाही पाठवणाऱ्याला सुचत नसे. आजही तो सुचत नाही, फक्त 'पाल'च्या जागी 'एच.२६५' आलं आहे. त्याबद्दल थोडं पुढे.

आधी गणित

व्हिडिओची फाइल किती मोठी होणार हे दर सेकंदाला किती माहिती साठवली यावर ठरतं. चित्र सुंदर आहे की भिकार, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. आयफोनवर नव्या पद्धतीने १०८०पी मध्ये शूट केलं तर मिनिटाला साधारण ६० एमबी होतात. तेच ४के मध्ये, सेकंदाला ३० चौकटी घेतल्या तर १७० एमबी, आणि ६० चौकटी घेतल्या तर ४०० एमबी. म्हणजे तासाभराच्या गोंधळाचे एका सेटिंगवर साडेतीन जीबी होतात आणि दुसऱ्यावर चोवीस. शूटिंगवाल्याचा कॅमेरा ४के मध्ये १०० एमबीपीएसने लिहीत असेल तर तासाला ४५ जीबी.

म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय लग्नाच्या आदल्या दिवशी करायचा असतो. फोनच्या कॅमेऱ्यात जाऊन व्हिडिओचं सेटिंग १०८०पी, ३० चौकटी असं करून ठेवा. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांत, हलत्या हाताने, गर्दीतून काढलेल्या ४के मध्ये १०८०पी पेक्षा जास्त काही दिसत नाही. फाइल तेवढी तिप्पट होते.

आता वेगाचं. नेटचा वेग 'एमबीपीएस'मध्ये सांगतात ते मेगाबिट असतात आणि फाइल मोजतात ती मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून जाहिरातीतल्या आकड्याला आठाने भागायचं. शिवाय जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो उतरवून घेण्याचा, म्हणजे डाउनलोडचा वेग. आपल्याला हवा तो चढवण्याचा, अपलोडचा. मोबाइल नेटवर तो बराच कमी असतो. फोनवर यूट्यूब झकास चालतं म्हणून फाइलही झकास जाईल असं नाही. एखादं वेग मोजायचं ॲप लावून 'अपलोड'खालचा आकडा पाहा. तो ३ एमबीपीएस आला, तर आपली साडेतेरा जीबीची फाइल चढायला दहा तास. तेही मध्ये रेंज गेली नाही तर.

आणि पानशेतच्या खोऱ्यात रेंज जाते. डोंगराची सोंड आडवी आली की फोनवरच्या दांड्या गळतात. धरणाच्या भिंतीकडे मिळणारी रेंज आत, पाण्याच्या कडेकडेने शिरकोलीकडे गेलं की मिळेलच असं नाही. त्यात पावसाळ्यातले शनिवार-रविवार. पुण्याहून आलेली सगळी तरुणाई त्याच टॉवरवरून आपापले धबधबे जगाला दाखवत असते. अशा दुपारी मोठी फाइल पाठवायला बसणं म्हणजे वेळेचा खून. मधल्या वारी, रात्री अकरानंतर किंवा पहाटे चारला टॉवर मोकळा असतो. तेव्हाचा वेग दुपारच्या कैक पट निघू शकतो, मोजून पाहा.

दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर आणखी एक हिशेब करा. रोज दोन जीबी म्हणजे साडेतेरा जीबीला आठवडा. पॅक संपल्यावर बहुतेक योजनांत नेट बंद पडत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. त्या वेगाने एक जीबी जायला जवळपास पस्तीस तास लागतात. पाठवणारी साइट फुकट असते, डाटा नसतो. रिकामी निळी पट्टी बघत बसून शेवटी जादा डाटाचं रिचार्ज मारणारे पुष्कळ आहेत.

यावर खरा उतारा वेगळाच आहे. राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातल्या बहुतेक घरांचं कुणी ना कुणी धायरी, वडगाव, नांदेड फाटा अशा सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात राहतं, आणि तिथे घरोघर फायबर आलं आहे. मूळ फाइल हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या आणि एसटीने तिकडे जा. लग्नाचं कच्चं-पक्कं सगळं मिळून ६० जीबी असेल आणि स्वारगेटपर्यंत दोन तास धरले, तर पिशवीतली ती हार्डडिस्क ६६ एमबीपीएसच्या वेगाने चाललेली असते. खोऱ्यातल्या कुठल्याही सिमकार्डाने एवढा अपलोड सलग दोन तास दिलेला मी पाहिलेला नाही. पुढे १०० एमबीपीएसच्या फायबरवर हेच ६० जीबी दीड तासाच्या आत चढतात. तिथे राहणाऱ्या भाच्याकडे जेवण होईपर्यंत काम झालेलं असतं. फायबर घेताना अपलोडचा वेगही तेवढाच आहे ना, हे मात्र विचारून घ्यावं.

बघायची प्रत

माझं मत विचाराल तर बघण्यासाठी यूट्यूबसारखी सोय नाही. आत्याच्या घरच्या टीव्हीवर यूट्यूब असतंच. तिला काही उतरवून घ्यावं लागत नाही, फोन भरत नाही, आणि तिचं नेट कमी असेल तर चित्र आपोआप हलकं होऊन येतं. आपला व्हिडिओ जगाला दिसेल ही भीती असते, पण चढवताना 'अनलिस्टेड' निवडलं तर ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच तो सापडतो, शोधून मिळत नाही. 'प्रायव्हेट' केलं तर ज्यांचे ई-मेल पत्ते तुम्ही घालाल त्यांनाच दिसतो. पण मग आत्याने त्याच खात्याने टीव्हीवर लॉग-इन केलेलं असावं लागतं, आणि तिथे अर्धा तास फोनवर जातो. घरगुती लग्नाला अनलिस्टेड पुरे. लिंक तेवढी गावच्या ग्रुपवर टाकू नका, कारण लिंक ज्याच्या हातात गेली त्याला व्हिडिओ दिसतो.

नव्या खात्यावर यूट्यूब पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ घेत नाही. फोन नंबर देऊन खातं पडताळून घेतलं की ही मर्यादा बारा तास किंवा २५६ जीबीपर्यंत जाते. पडताळणी आधी उरकून ठेवा, रात्री बारा वाजता ओटीपीची वाट बघण्यात मजा नाही. व्हिडिओ चढल्यावर लगेच उघडला तर तो धूसर दिसतो. घाबरू नका. यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करतं आणि चांगली नंतर. दोन-तीन तास थांबून मगच आत्याला लिंक पाठवा, म्हणजे "शूटिंग धुरकट आलंय" असा फोन येणार नाही.

एक अडचण मात्र हमखास येते, ती गाण्यांची. आपल्या शूटिंगवाल्याला वरातीवर सिनेमातलं गाणं लावल्याशिवाय चैन पडत नाही. यूट्यूबची यंत्रणा ते गाणं ओळखते, आणि गाण्याच्या मालकाने जसं ठरवलं असेल तसं घडतं. कधी फक्त जाहिराती लागतात, कधी तेवढ्या भागाचा आवाज जातो, कधी एखाद्या देशात व्हिडिओ दिसतच नाही. इथे तो व्यवस्थित दिसतो आणि अमेरिकेत नाही, असंही होऊ शकतं. म्हणून चढवताना 'कॉपीराइट तपासणी'च्या पायरीवर काय म्हटलं आहे ते वाचा. शूटिंगवाल्याला आधीच सांगितलं तर उत्तम, की एक प्रत मूळ आवाजाची दे. वाजंत्री, मंगलाष्टका आणि मागे कुणीतरी "अक्षता कुठंयत?" म्हणून ओरडलेलं, हे सगळं असलेली प्रत. तीच पुढे मोलाची ठरते.

यूट्यूब नको असेल तर व्हॉट्सॲप आहेच, पण रस्ता वेगळा. गॅलरीतून व्हिडिओ निवडून पाठवला की व्हॉट्सॲप त्याला पिळून काढतं. एचडीचं बटण दाबलं तरी ७२०पी च्या आसपासच जातो. त्याऐवजी जोडणीच्या खुणेवर जाऊन 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून तीच फाइल द्या. मग ती जशीच्या तशी जाते, दोन जीबीपर्यंत. आयफोनवर पूर्वी त्यासाठी व्हिडिओ आधी 'फाइल्स'मध्ये साठवावा लागायचा, आता ती गरज उरलेली नाही. टेलिग्रामवरही फुकटात दर फाइलला दोन जीबी जातात, आणि तिथे ती फाइल त्यांच्या क्लाउडवर राहत असल्याने समोरच्याला सवडीने, दुसऱ्या फोनवरूनही उतरवता येते. दुबईच्या भावाला व्हॉट्सॲपवर फोन लागत नाही, तिथे व्हॉट्सॲपवरचे कॉल बंद आहेत. फाइल आणि निरोप मात्र जातात. चीनमध्ये कुणी असेल तर गूगल, यूट्यूब, व्हॉट्सॲप यांतलं काहीच धरून चालू नका.

तीन तासांची फिल्म दोन जीबीत बसवायची असेल तर संगणकावर 'हँडब्रेक' नावाचा फुकट प्रोग्राम आहे. फाइल त्यात ओढा, आकार ७२०पी करा, व्हिडिओचा सरासरी बिटरेट १,२०० केबीपीएस आणि आवाज १२८ वर ठेवा. तीन तासांची प्रत १.८ जीबीच्या आसपास निघते. जुन्या लॅपटॉपला हे काम पुरं करायला रात्र लागू शकते, चार्जर लावून झोपा. इथे एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, निवडायचा पर्याय येतो. 'एच.२६५' निवडलं तर त्याच दर्जाला फाइल बरीच लहान होते, पण जुन्या टीव्हीला आणि जुन्या लॅपटॉपला ते समजत नाही. आत्याचा टीव्ही कोणता हे माहीत नसेल तर 'एच.२६४' घ्या. हँडब्रेकमधून निघते ती नवी प्रत, मूळ फाइल आहे तशीच राहते. ती पुसू नका.

झिप करण्याचा सल्ला हटकून कुणीतरी देतं. व्हिडिओ झिप करून काही लहान होत नाही. तो मुळातच दाबून साठवलेला असतो, त्यातून आणखी पाणी निघत नाही.

आणि खरं सांगायचं तर तीन तासांचं लग्न परदेशात कुणी सलग बघत नाही. इथेही बघत नाही. वीस मिनिटांची निवडक प्रत १०८०पी मध्ये पाऊण जीबीत बसते आणि ती चार वेळा बघितली जाते.

ठेवायची प्रत

इथे घाई नाही, पण काटेकोरपणा हवा. सगळ्यांच्या ओळखीचा मार्ग गूगल ड्राइव्ह. खात्यामागे १५ जीबी फुकट मिळतात, पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. बहुतेकांचे दहा-बारा जीबी फोटोंनीच खाल्लेले असतात. त्यात साडेतेरा जीबी कोंबायला गेलात तर जागा संपते, आणि जागा संपली की जीमेलला नवी पत्रंही यायची थांबतात. बँकेचं, शाळेचं, सगळं अडतं. म्हणून लग्नासाठी एक वेगळं खातं काढावं. घरातल्या दोघांना त्याचा पासवर्ड माहीत असू द्या. दोन वर्षं न उघडलेली खाती गूगल पुसून टाकू शकतं, तेव्हा हे खातं म्हणजे पेटी समजू नका. ही फक्त वाहतुकीची सोय आहे.

चढवताना एक मोठी फाइल करण्याऐवजी हळद, गोंधळ, लग्न, वरात अशा वेगवेगळ्या फाइल ठेवा. मध्येच लाइट गेली तर गेलेलं काम एवढंसंच असतं. एकच लांब फाइल हातात आली असेल तर 'लॉसलेसकट' नावाच्या फुकट प्रोग्रामने ती दर्जा न घालवता तोडता येते. फाइलची नावं रोमन लिपीत, आधी साल-महिना-तारीख आणि मग क्रमांक अशी द्या, म्हणजे तिकडच्या कुठल्याही यंत्रावर ती ओळीने लागतात. शेअर करताना 'लिंक असलेल्या कुणालाही' आणि 'ठरावीक व्यक्तींना' असे दोन पर्याय येतात. ठेवायच्या प्रतीला दुसरा बरा. आत्याला सांगून ठेवा, की पूर्ण फोल्डर एकदम उतरवायला जाऊ नकोस. गूगल मोठ्या फोल्डरची झिप करून तिचे तुकडे पाडतं, त्यातला एखादा अर्धवट राहतो आणि कोणता ते कळत नाही. एकेक फाइल उतरवावी.

१५ जीबीत बसत नसेल तर 'स्विसट्रान्स्फर' ही स्वित्झर्लंडमधल्या इन्फोमॅनियाक कंपनीची सोय मला बरी वाटते. खातं न काढता एका वेळी ५० जीबीपर्यंत फाइल देता येतात, लिंक जास्तीत जास्त तीस दिवस राहते, पासवर्डही लावता येतो. पासवर्ड लिंकबरोबर पाठवू नका, फोनवर सांगा. आपल्याकडे जास्त ऐकू येणारं नाव 'वीट्रान्स्फर'. पण २०२० च्या मे महिन्यात आपल्या दूरसंचार खात्याने ती साइट बंद करायला लावली होती, आणि तिथली फुकटची मर्यादाही पुढे आवळत गेली. तुमच्या कनेक्शनवर ती उघडते का आणि लिंक किती दिवस टिकते, ते पाहून मगच त्या वाटेला जा. तीन दिवसांत मरणारी लिंक शुक्रवारी रात्री पाठवली आणि आत्या शनिवार-रविवार कुठल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेली, की सगळं पुन्हा.

घरात आयफोन किंवा मॅक असेल तर ॲपलच्या मेलमधली 'मेल ड्रॉप' ही सोय पुष्कळांना ठाऊक नसते. पाच जीबीपर्यंतची फाइल ई-मेलला जोडली की ती लिंक होऊन जाते, तीस दिवस राहते आणि तुमच्या आयक्लाउडच्या जागेत धरली जात नाही.

दोन्हीकडे संगणकाशी खेळायची आवड असलेलं कुणी असेल, आपला भाचा आणि आत्याचा मुलगा म्हणा, तर 'सिंकथिंग' लावून घ्या. हा फुकट आणि खुला प्रोग्राम आहे. फाइल मध्ये कुणाच्या क्लाउडवर न थांबता या संगणकावरून त्या संगणकावर जाते, आकाराला मर्यादा नाही, लाइट गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. दोन्ही संगणक एकाच वेळी चालू हवेत, एवढी एकच अट. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. आपण रात्री दहाला लावून झोपलो तर तिकडे दुपार चढत असते. आपला मोकळा टॉवर आणि त्यांचा जागेपणा बरोबर जुळतो.

आणि जुनी वाट बंद झालेली नाही. गावातून कुणी अमेरिकेला निघालं असेल तर पेनड्राइव्ह द्या. फक्त तो 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. जुन्या 'फॅट३२'वर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, आणि मग जागा रिकामी असताना 'जागा नाही' असं काहीतरी ऐकून माणूस वैतागतो.

लग्नाचंच उदाहरण घेऊन बोलत आलो, पण या खोऱ्यातून परदेशी पाठवण्यासारखं त्याहून मोलाचं काही आहे. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं अर्धवट बांधलेलं मातीचं धरण फुटलं, त्याच दिवशी खडकवासल्याचंही गेलं आणि पुण्यात पाणी शिरलं. तेव्हा दहा-पंधरा वर्षांची असलेली माणसं आज पंच्याहत्तर-ऐंशीला टेकली आहेत. त्यांची नातवंडं कॅलिफोर्नियात, सिडनीत आहेत आणि आजोबा सुट्टीतल्या व्हिडिओ कॉलवर तेच दोन प्रसंग सांगतात. अशा माणसाला एका दुपारी निवांत बोलतं करावं. फोन आडवा, तिपाईवर किंवा डब्याला टेकवून. १०८०पी पुरे, पण आवाज नीट हवा, म्हणून पंखा बंद करून शक्य तितकं जवळ बसावं. तासाभराच्या गप्पा साडेतीन जीबीच्या आसपास येतात. या बाबतीत 'बघायची' प्रत पाठवून थांबू नका. व्हॉट्सॲपने पिळलेल्या व्हिडिओत म्हाताऱ्या माणसाचा बारीक आवाजच आधी जातो. मूळ फाइल दोन घरांत, दोन देशांत राहू द्या.

पाठवल्यावर

पोचलं म्हणजे झालं असं नाही. आत्याला फाइल शेवटपर्यंत ओढून बघायला सांगा, सुरुवातीची दोन मिनिटं चालली म्हणून पूर्ण आली असं समजू नये. दोन्हीकडे फाइलच्या माहितीत जाऊन आकार बाइटमध्ये जुळवा. शेवटचा अंकही जुळला पाहिजे. तो जुळेपर्यंत इकडची प्रत पुसायची नाही आणि शूटिंगवाल्याचा पेनड्राइव्हही परत करायचा नाही. चित्र येत नाही, नुसता आवाज येतो, अशी तक्रार आली तर नवी फाइल पाठवण्याआधी आत्याला 'व्हीएलसी' हा फुकट प्लेअर घालायला सांगा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

फुकटच्या साइटवर कुठलंही ॲप घालायला सांगितलं, विशेषतः फोनवर 'एपीके' फाइल उतरवायला सांगितली, तर तिथून बाहेर पडा. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके पाठवून फोनमधून बँकेचे ओटीपी पळवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. 'लग्नाचा व्हिडिओ' हे त्याच दुकानातलं नाव आहे. व्हिडिओची फाइल 'एमपी४' असते किंवा 'एमओव्ही', ती उघडायला नवं ॲप लागत नाही. फोनवर काढलेल्या व्हिडिओत बहुधा जागेचा ठावठिकाणाही साठवलेला असतो. घरच्यांना पाठवताना त्याचं काही वाटत नाही, पण तोच व्हिडिओ चारचौघांत फिरणार असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून शूट करा.

आत्याचा "आलं रे सगळं" असा फोन आला, आकार जुळला, की ड्राइव्हवरची प्रत काढून टाका. नुसतं काढून जागा मोकळी होत नाही, ती कचरापेटीत तीस दिवस पडून राहते आणि तोवर १५ जीबीत मोजली जाते. कचरापेटीही रिकामी करा. पुढच्या लग्नाला तेच खातं चालेल.